वेटिंग रूममधला सोनेरी बोर्ड

४ फेब्रुवारी

ती. मामांस,
ठोकळ्याचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळे सुखरूप आहेत. फोनवर सांगितलेला मजकूर तुम्ही रंगवत नाही आणि मेसेजवर पाठवलेल्याला मजकूर मानत नाही, म्हणून पेन शोधून लिहितो आहे. आम्हा डॉक्टर लोकांचं अक्षर कसं असतं ते जगजाहीर आहे, तेवढं सांभाळून घ्या.

नव्या नियमाप्रमाणे दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये एक बोर्ड लावायचा आहे. महिनाअखेरची मुदत आहे. छापील बोर्ड मिळतात, पण पेंटर मामा असताना छापील लावला तर आई मला घरात घेणार नाही. मजकूर सोबतच्या कागदावर, सहीनिशी. वर माझं नाव आणि पदवी, त्याखाली 'वैद्यकीय कंपन्यांकडून गेल्या वर्षी मिळालेले', आणि मग तीन ओळी. डावीकडे कंपनी, मध्ये कारण, उजवीकडे रक्कम. पहिली ओळ कृत्रिम सांधे बनवणाऱ्या कंपनीची, व्याख्यानांचं मानधन आणि प्रशिक्षणाचा प्रवासखर्च. दुसरी हाडांचं सिमेंट बनवणाऱ्यांची, तिसरी टाक्यांच्या धाग्यावाल्यांची. अट एकच, शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही वाचता आलं पाहिजे.

मी पंधरा तारखेपासून परिषदेसाठी बाहेरगावी आहे. तुम्ही येऊन लावून टाका, काउंटरवरच्या बाईंना सांगून ठेवलं आहे.

मामीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख अठरा मार्च धरली आहे. तोवर तिला म्हणावं, जिन्यावरून बादल्या नेऊ नकोस. माझं नाव सांगून ओरडा.

कळावे. माया आहे तशीच ठेवावी.
तुमचा
ठोकळ्या


९ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

मजकूर मिळाला. दोन शब्द लागेनात, ते खालच्या औषधवाल्याकडून वाचून घेतले. त्यानं ते डोळ्यांची पापणी न हलवता वाचले. तुम्हा लोकांचं काहीतरी साटंलोटं आहे खास.

काल येऊन माप घेतलं. शेवटच्या खुर्चीपासून भिंत एकोणीस फूट चार इंच. दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर, हा माझा ठोकताळा. कुठल्या शाळेत शिकलो नाही, तीस वर्षं रस्त्याच्या पलीकडे उभं राहून शिकलो. म्हणजे अक्षर दोन इंचांचं. पत्रा सहा बाय चार. तुझ्या बाईंनी पाण्याचा कूलर ठेवलाय तो दीड फूट डावीकडे सरकवायला लागेल, नाहीतर रकमेचा शेवटचा आकडा कूलरमागे जाईल आणि लोक म्हणतील डॉक्टरनं मुद्दाम झाकला.

आता रंगाचं. डावीकडे नाव आणि उजवीकडे रक्कम असलेले बोर्ड मी आजवर शाळांना, वाचनालयांना, सभागृहांना मिळून सत्तेचाळीस केले. त्यांची रीत ठरलेली आहे. गडद लाल जमीन, सोन्याचा वर्ख, अक्षराला उजवीकडून बारीक काळी सावली. तसाच करतो. मजकुरातला काना बदलायचा नाही आणि मजकुराचं कारण विचारायचं नाही, हा माझा नियम तुला ठाऊक आहेच. पण एवढ्या मोठ्या कंपन्या आमच्या ठोकळ्याला बोलवून मानधन देतात, हे अक्षर आखताना हात जरा जास्तच सरळ चालतो, हे कबूल करतो.

मामी आता जिना पाठमोरी उतरते, शिडीवरून उतरावं तशी, कठडा दोन्ही हातांनी धरून. एकोणीस पायऱ्या. वर जाताना मध्ये दोनदा थांबते आणि भिंतीचा रंग कसा उडालाय ते मला ऐकवते. थांबल्याचं कारण म्हणून. अठरा तारखेची वाट ती बघते की मी, ते सांगणं अवघड आहे.

कळावे. जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझा
मामा


२७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

काल परत आलो आणि सामान घेऊन सरळ दवाखान्यात गेलो. बोर्ड पाहिला. काय लिहावं कळत नाही, म्हणून घडलं तसं क्रमानं लिहितो.

काम देखणं आहे, त्यात वाद नाही. बाईंनी वर एक पिवळा दिवाही लावून घेतला आहे. नियमवाल्या कार्यालयाचा माणूस येऊन गेला, शेवटच्या खुर्चीवर बसला, सगळं वाचता आलं म्हणाला आणि सही करून गेला. जाताना बाईंना सांगून गेला की इतका नीट बोर्ड त्यानं कुठे पाहिला नाही.

मग आज सकाळपासून पेशंट आत येऊ लागले. पहिल्या आजोबांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, त्यांना पहिल्या ओळीतल्या कंपनीचाच सांधा हवा, खालच्या ओळींमधलं काही चालणार नाही. त्यांचा खांदा आखडलाय, सांधा बदलायचाच नाही. आणि एक निवृत्त पोस्टमास्तर काउंटरवर विचारत होते, की बायकोच्या स्मरणार्थ बोर्डावर नाव लावायला कमीत कमी किती द्यावे लागतात.

मामा, चूक माझी आहे. तुम्ही विचारत नाही हे माहीत असून मी सांगितलं नाही. हा सन्मानाचा बोर्ड नव्हे. डॉक्टर ज्या कंपन्यांचा माल वापरतो, त्यांच्याकडून त्याला काय मिळतं हे पेशंटला आधी दिसावं, म्हणून तो आहे. वाचून माणसानं जरा सावध व्हावं, दोन प्रश्न विचारावेत. आमच्याकडे वाचून लोक निर्धास्त होताहेत. एक अक्षर खोटं नाही, सरकारी सही आहे, आणि तरी सगळं उलटं झालंय. उतरवला तर लपवल्यासारखं दिसेल, ठेवला तर मिरवल्यासारखं. मला सुचत नाही. तुम्हाला सुचतंय का?

मामीला नमस्कार. लोभात अंतर पडू देऊ नये.
तुमचा
ठोकळ्या


२ मार्च

चि. ठोकळ्यास,
मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळेस राग आला. त्या तीन ओळींना मी तीन दिवस दिले. वर्ख लावताना पंखा बंद ठेवावा लागतो, श्वाससुद्धा बाजूला सोडावा लागतो. चांगलं काम केलं म्हणून काम चुकलं, असं तीस वर्षांत कुणी मला ऐकवलं नव्हतं. दुसऱ्या वेळेस वाटलं, विचारायला हवं होतं. तिसऱ्या वेळेस चष्मा पुसून वाचलं.

चौथ्या वेळेस उठून कपाटातून मामीचा केसपेपर काढला. तू जानेवारीत लिहून दिलेला. त्यावर सांध्याच्या कंपनीचं नाव आहे आणि ते बोर्डाच्या पहिल्या ओळीतलंच आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहिलं. हे नाव मी आधी पेन्सिलनं आखलं, मग वर्ख धरून ठेवणारं चिकट भरलं, मग सोन्यानं भरलं. मला ते झोपेतही लिहिता येईल. आणि तेच आपल्या घरच्या गुडघ्यात जायचं आहे, हे माझ्या डोळ्याला दिसलं नाही. माझ्या डोळ्याला, जो दुसऱ्याच्या बोर्डावरचा वाकडा अनुस्वार चालत्या बसमधून हेरतो.

आता विचारतो. एरवी विचारत नाही, त्यामुळे नीट विचारता येतंय की नाही माहीत नाही. तो सांधा मामीला बसवतो आहेस तो चांगला म्हणून, की ती कंपनी तुझ्या बोर्डावर आहे म्हणून? दोन ओळींत उत्तर दे. मी तुझ्यावर संशय घेतो असं समजू नकोस. घेतो की नाही हे मलाच धड कळत नाही. दुसऱ्या कुणाला विचारावं म्हटलं, तर हाडांचा डॉक्टर म्हणून माझ्या ओळखीचा तू एकटाच.

मामीला यातलं काही सांगितलेलं नाही. बोर्ड तुला आवडला एवढंच सांगितलं.

उत्तराची वाट पाहतो.
मामा


५ मार्च

चि. भावास,
ताईचे आशीर्वाद.

माझ्या लेकानं तुझं पत्र फोनवर वाचून दाखवलं, आणि तुझा प्रश्न दोनदा वाचला. डॉक्टर झाल्यापासून त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता. त्याला तू कडेवर घेऊन हिंडलास, तुझ्या लाकडाच्या ठोकळ्यांवर त्यानं पहिले दात घासले, आणि त्याला तू असा प्रश्न केलास.

तुझं तू बघ आधी. तुझ्या दुकानात भिंतीवर कॅलेंडर आहे ते रंगाच्या कंपनीचं. डोक्यावर टोपी आहे ती त्याच कंपनीची. पावसाळ्यात छत्री उघडतोस तिच्यावरही त्यांचंच नाव. आणि रंग कुणाचा वापरतोस? त्यांचाच. वर पुन्हा गिऱ्हाइकाला सांगतोस की दुसरा रंग ब्रशला साथ देत नाही. मी कधी तुला विचारलं का, की टोपीमुळे रंग की रंगामुळे टोपी? उद्या तुझ्या दुकानातही बोर्ड लाव म्हणावं, सोन्यात.

इथेच पत्र बंद करणार होते. पण एक गोष्ट मनातून जाईना, ती तुलाच लिहिते.

चार वर्षांपूर्वी लेकानं मला समुद्र दाखवायला नेलं होतं, आठवतं? त्याची परिषद होती आणि मी सोबत. सातव्या मजल्यावर खोली, पडदा सारला की पाणीच पाणी. टेबलावर फळांची परडी आणि एक चिठ्ठी होती, डॉक्टरांच्या मातोश्रींचं स्वागत असो अशी. खाली कंपनीचं नाव. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. काल काढून पाहिली. तुझ्या पहिल्या ओळीवालीच कंपनी.

मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आले की लेकानं समुद्र दाखवला. आता मला नेलं कुणी तेच कळेना. तेव्हा बोर्डाचा नियम नव्हता. असता, तर माझे ते पाच दिवस कुठल्या ओळीत बसवले असतेस?

वहिनीला सांभाळ. आणि लेकाला एक चांगलं पत्र लिही. तुमच्या दोघांतलं प्रेम मला दिसू दे, एवढंच मागणं.
तुझी
ताई


८ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही दोन ओळी मागितल्या होत्या. सहा कागद फाडले. दोन ओळींत बसत नाही.

आधी वाटलं, सरळ लिहावं की सांधा चांगला आहे. तो चांगला आहेच. माझे पेशंट चालतात, एक बाई तर डोंगर चढून आल्या आणि फोटो पाठवला. पण लिहिण्याआधी, तुम्ही दोन कागद ताडून पाहिलेत तसं, मी गेल्या वर्षाची ऑपरेशनची वही काढली. कुणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की तीन-चार कंपन्यांचे सांधे वापरतो, पेशंट पाहून ठरवतो. वहीत दोन सोडून सगळे सांधे पहिल्या ओळीचे निघाले. आणि ते दोन का वेगळे? त्या दिवशी पहिल्या ओळीवाल्यांचं हवं ते माप शिल्लक नव्हतं.

मी कधी ठरवलं होतं असं? मला आठवत नाही. कुणी मला अमुकच बसवा म्हणालं नाही, मी कुणाला हो म्हणालो नाही.

माझा हात त्या सांध्यावर बसला आहे, हे खरं. कुठे अडकतो, कुठे हलका दाब द्यायचा, ते बोटांना कळतं. पण हात बसला कशानं? त्यांनीच शिकायला नेलं, आठवडाभर त्यांच्याच हत्यारांवर सराव करून घेतला, म्हणून. दुसऱ्या कंपनीनं नेलं असतं तर हात दुसऱ्या सांध्यावर बसला असता आणि मी तुम्हाला आज त्याचे गोडवे गाऊन दाखवले असते. चांगला म्हणून वापरतो, की वापरतो म्हणून चांगला वाटतो? मामा, मला माहीत नाही. आधी माहीत होतं. तुम्ही विचारल्यापासून नाही.

दोन रस्ते आहेत. मी दुसऱ्या कंपनीचा सांधा बसवू शकतो, पण त्यावर हात नाही, आणि मामीवर सराव करायची माझी छाती नाही. किंवा मोठ्या रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे पाठवतो. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आहेत, पत्ता सोबत जोडला आहे. मामी तिकडे गेली तर मला वाईट वाटणार नाही. हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे.

आपला जिव्हाळा या कागदांहून जुना आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.
ठोकळ्या


११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टोपीचं लिहिलंस ते लागलं. टोपी काढून खुंटीला अडकवली. मग भर उन्हात एका शाळेची भिंत करायची होती, डोकं तापलं, परत घातली. घातली तरी आत काहीतरी टोचत होतं.

मग आणखी एक केलं. दुसऱ्या कंपनीचा डबा तीन वर्षांपूर्वी कुणीतरी नमुना म्हणून दिलेला, झाकण न उघडता माळ्यावर पडून होता. तो उतरवला. ढवळला, पत्र्याच्या तुकड्यावर एक 'क' काढला. रंग सुरेख पसरला, कडा फुटल्या नाहीत. हा चांगला होताच आणि मी उगाच नावं ठेवत आलो? की तुझ्यावर चिडून आज मुद्दाम चांगला वाटला? माझ्याच रंगाचा दुसरा 'क' शेजारी काढला. दोन तास दोन्हींकडे बघत बसलो. ज्याला तीस वर्षांत रंगाबद्दल कुणी दुसरं मत ऐकवलं नाही, त्याला दोन 'क'मधला फरक सांगता येईना.

काल ठोकळ्यानं लिहिलेल्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, एकटाच. त्यांच्या वेटिंग रूममध्ये बोर्ड कुठे दिसेना. चौकशी केली तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी दाराकडे बोट केलं. दार उघडं असताना बोर्ड दारामागे असतो. मी दार लावून वाचायला लागलो, तर त्यांनी हवा येत नाही म्हणून उघडं ठेवायला सांगितलं. तरी तेवढ्यात मोजलं. अक्षर पाव इंच, पांढऱ्यावर फिकट राखाडी. चष्मा असून वाकावं लागलं. पहिल्या ओळीत तीच कंपनी. रक्कम आपल्याकडच्याच्या दीडपट.

आता तू सांग, यातून मी काय समजावं? यांनी लपवलं आणि ठोकळ्यानं मिरवलं, पण त्याचं मिरवणं माझ्या हातचं, त्याच्या मनातलं नाही. मोठ्यानं सांगितलं म्हणून माणूस खरा, असंही नाही. मी पन्नास दुकानांवर हातभर अक्षरांत 'शुद्ध' लिहिलेलं आहे.

ठोकळ्याचा बोर्ड मी पुन्हा करणार, पांढऱ्या जमिनीवर काळं, दोन इंचांचं, सावली नाही. आणि वरच्या ओळीच्या आधी, हे कशासाठी लावलंय ते एका वाक्यात. ते वाक्य त्याच्याकडून लिहून मागवलं आहे. सोनं खरवडताना कसं वाटेल ते आत्ता लिहीत नाही.

तुझ्या वहिनीला आज सगळं सांगायला बसलो, तर तिला सगळं माहीत. मी पत्रं टेबलावर उघडी टाकतो आणि ती त्यांची नीट घडी करून ठेवते, तेव्हा वाचते म्हणाली. मग चपला घातल्या, एकोणीस पायऱ्या पाठमोरी उतरली आणि बाहेर गेली. तीन तासांनी आली. कुठे गेली होतीस म्हटलं, तर जिन्याच्या भिंतीचा रंग उडालाय एवढंच बोलली.

तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे. मला सध्या त्याची गरज आहे.
तुझा
भाऊ


१३ मार्च

चि. ठोकळ्यास,
मामीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही तिघं महिनाभर माझ्या गुडघ्यावर पत्रव्यवहार करताय. गुडघ्याला कुणी एका ओळीनं विचारलं नाही. म्हणून आज तोच लिहितोय असं समज.

परवा तुझ्याकडे आले, पण तुला कळवायच्या आधी तासभर बाहेर बसले होते, शेवटच्या खुर्चीवर. लोक बोर्ड वाचत होते. एकानं मान डोलावली, एकीनं शेजारणीला कोपरानं ढोसून रक्कम दाखवली, एक गृहस्थ वाचता वाचता झोपले. कुणाला काय समजलं ते माझ्या डोक्यात शिरेना. मलाही दहादा वाचून जे माहीत होतं तेवढंच माहीत राहिलं.

मग तुझ्यासमोर बसले आणि तुला दोन सांधे टेबलावर ठेवायला लावले, तुझा नेहमीचा आणि एक दुसऱ्या कंपनीचा. या हातात एक आणि त्या हातात एक धरला. गार आणि गुळगुळीत, वजनाला सारखे. भाजी निवडताना मला देठावरून कळतं, इथे काही कळलं नाही. मी तुला विचारलं होतं, तुला कुणीच कुठे नेलं नसतं तर यातला कुठला बसवला असतास. तू म्हणालास, तसा माणूस आता तुला होता येत नाही. त्यावर मला काय वाटलं ते आता लिहिते.

ते ऐकून मी घाबरले. बसमध्ये बसल्यावरही घाबरलेलीच होते. आजवर एकही डॉक्टर माझ्यासमोर 'मला माहीत नाही' असं म्हणालेला नाही. त्यानं माझा भरवसा वाढला की होता तो गेला, हे मी दोन दिवस शोधते आहे. सकाळी वाटतं वाढला, जिना चढताना वाटतं गेला. मोठ्या डॉक्टरांचं मी मनातून काढून टाकलं. ते दारामागे लपवतात म्हणून नाही. त्यांना हा प्रश्न विचारला तर ते लगेच उत्तर देतील, आणि ते उत्तर ऐकून मी घरी येऊन शांत झोपेन, अशी मला भीती वाटली.

मी अठराला येते. तुझा हात आणि त्याच्या सवयीचा सांधा. हे बरोबर केलं की नाही, ते मला तेव्हाही कळणार नाही आणि नंतरही नाही. पाय बरा झाला तर तुझी आई म्हणेल, उगाच बोर्डाचा बाऊ केला. बिघडला तर तुझे मामा म्हणतील, पहिल्या ओळीत लिहिलेलंच होतं. दोघांनाही बोलू दे. चालायचं मला आहे.

तुझ्याकडून एकच हवं. ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्यावर तू सगळ्यांना म्हणतोस ना, काळजी करू नका, सगळं छान होणार. ते मला म्हणू नकोस. मला ते खरं वाटेल, आणि मग मी तुझ्यावर भरवसा ठेवला की त्या वाक्यावर, हा आणखी एक घोळ माझ्यामागे लागेल. त्याऐवजी पेशंटला विचारायचा तुमचा एक नेहमीचा प्रश्न असतो, तो विचार. कुठला गुडघा, ते. मी सांगेन, उजवा. तू कागद बघून म्हणशील, उजवा. तेवढं तरी आपल्या दोघांना पक्कं माहीत असेल.

येताना दोन चादरी घेऊन येते, तुमच्याकडच्या टोचतात. बाकी भेटीत. या मामीवर माया असू दे, ती कुठल्याच ओळीत न लिहिता.
तुझी
मामी